‘गहू आपला, मग युद्धाचा काय संबंध?’ या मेसेजला उत्तर

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं असं: भारत गहू आयात करत नाही, म्हणून युक्रेनच्या युद्धाशी आपल्या पिठाचा संबंध नाही. जगाच्या मानाने रशिया-युक्रेनचं पीक थोडंच. दुष्काळाने नुकसान होतं ते तिथल्या शेतकऱ्याचं. पुढे धान्याचा करार झाला तरी इथले भाव उतरले नाहीत, म्हणजे सगळा खेळ साठेबाजांचा. मेसेज पटकन पटतो. पण त्यावर विसंबून कोणी गहू विकायचा की ठेवायचा हे ठरवलं, तर फटका त्याच्याच घराला बसेल.

‘आयात नाही, म्हणजे संबंध नाही’

संबंध निर्यातीतून जोडला गेला. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने आक्रमण केलं, युक्रेनची काळ्या समुद्रावरची बंदरं बंद पडली आणि तिथून गहू घेणारे देश दुसरीकडे धावले. आपल्याकडे तेव्हा हमीभाव क्विंटलला 2015 रुपये होता. खासगी खरेदीदार त्याहून जास्त देत असेल, तर सरकारी केंद्रावर माल कोण नेईल? सरकारी खरेदी आदल्या हंगामातल्या 433 लाख टनांवरून 188 लाख टनांवर आली. 13 मे 2022 ला केंद्राने निर्यात बंद केली, तोवर बाजार चढलेला होता. नाशिकला येणारा मध्य प्रदेशचा लोकवन गहूही त्याच बाजारातला. बंदरावर जो भाव मिळू शकतो, त्याच्या खाली तो इथे का विकला जाईल?

शिवाय गहू आयात होत नसला, तरी सूर्यफूल तेल होतं आणि पोटॅश तर जवळजवळ सगळं बाहेरूनच येतं. रशिया आणि बेलारूस हे पोटॅशचे मोठे पुरवठादार. द्राक्षबागायतदारांना 2022 मधले खताचे भाव आठवत असतील.

‘थोडंच पीक’

इथे मेसेज दोन आकड्यांची गल्लत करतो. जगात वर्षाला साधारण 78 कोटी टन गहू पिकतो, पण देशांच्या सीमा ओलांडतो तो 20 कोटी टनांच्या आसपास. बाकीचा जिथे पिकतो तिथेच खाल्ला जातो. युद्धाआधी या दोन देशांचा वाटा उत्पादनात सातव्या हिश्श्याच्या आसपास होता, निर्यातीत मात्र चौथाईहून जास्त. आणि आवक चौथाईने घटली म्हणून भाव चौथाईनेच चढतो असं होत नाही, हे लासलगावचा कांदा पाहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्यात घाबरलेले देश आपापली निर्यात थांबवतात आणि टंचाई वाढते. 2010 च्या दुष्काळात रशियाने तेच केलं, 2022 मध्ये आपणही.

‘दुष्काळ तिथल्यापुरता’

मार्च 2022 हा भारतातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च. ओंबीत दाणा चिकावर असताना पारा चढला की झाड लवकर पिवळं पडतं, दाणा भरत नाही, सुरकुततो. पंजाब-हरियाणात असा माल इतका आला, की सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा सरकारला 6 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर न्यावी लागली. 1113 लाख टनांचा अंदाज मे महिन्यात 1050 लाखांवर आला. म्हणजे युद्ध आणि उष्णता एकाच हंगामात एकमेकांवर चढली.

कोरडेपणा जहाजांच्या वाटाही अडवतो, हे फारसं कोणी बोलत नाही. पनामा कालव्यात जहाजं वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे (लॉक) गातून तलावाच्या गोड्या पाण्यावर चालतात. 2023 मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा रोजची 36 च्या आसपासची जहाजं डिसेंबरात 22 वर आली. अमेरिकेतून आशियाकडे निघालेल्या धान्याच्या अनेक बोटींना लांबचा वळसा घालावा लागला. भाडं वाढलं, दिवस वाढले.

‘सगळी साठेबाजी’

जगातले भाव उतरले होते. युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर काढण्यासाठी 22 जुलै 2022 ला इस्तंबूलमध्ये झालेल्या करारातून 17 जुलै 2023 पर्यंत सुमारे 329 लाख टन धान्य बाहेर पडलं. ती स्वस्ताई आपल्याकडे पोचली नाही, कारण गव्हावर 40 टक्के आयातशुल्क आहे आणि सरकारी गोदामं रिकामी होत होती. 1 एप्रिल 2023 ला केंद्राकडे सुमारे 83 लाख टन गहू होता, किमान साठ्याचा निकष 74.6 लाखांचा. साठेबाजी खोटी नाही. 12 जून 2023 ला व्यापाऱ्यांवर 3000 टनांची मर्यादा घालावी लागली ती उगाच नाही. पण सरकारकडे बाजारात ओतायला माल कमी आहे हे दिसलं, की मगच साठा करणं परवडतं.

तेव्हा गहू ठेवायचा की विकायचा हे ठरवताना 1 एप्रिलचा सरकारी साठा, आयातशुल्काची बातमी आणि मार्चचं तापमान बघा. पेरणीचं गणित मात्र आपल्या हातात आहे. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा साधला, तर दाणा मार्चच्या उन्हाआधी भरतो. कांद्यामुळे किंवा पावसामुळे उशीर झालाच, तर निफाडच्या संशोधन केंद्राचं फुले समाधान वाण घ्या. ते वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांना चालतं. पाणी एक-दोन पाळ्यांपुरतंच असेल, तर नेत्रावती.