सई म्हणजे मैत्रीण, एवढेच

भाचीच्या बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव सांगण्याचा मान माझा होता. ‘कुर्रर्र’ झाले, पाठीवर धपाटे बसले आणि नाव जाहीर होताच शेजारच्या एका आजींनी अर्थ विचारला. मी म्हटले, “सई म्हणजे मैत्रीण.” त्यावर त्या म्हणाल्या, “एवढंच?” नावामागे एखादी देवी, निदान एखादी नदी तरी असावी, अशी त्यांची अपेक्षा असावी.

मला मात्र हे ‘एवढंच’ फार मोलाचे वाटते. संस्कृतातल्या ‘सखी’तील ‘ख’चा प्राकृतात ‘ह’ होऊन ‘सही’ झाले आणि पुढे तो ‘ह’ही गळून मराठीत ‘सई’ उरली. दधीचे दही आणि गोधूमाचा गहू ज्या वाटेने झाला, त्याच वाटेने हे नाव आपल्या घरात आले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’मधल्या कितीतरी गाथांत नायिका आपल्या मनातले सलणारे काही मैत्रिणीला सांगते आणि तिला ‘सहि’ अशीच हाक मारते. जात्यावरच्या ओव्यांमधल्या ‘सया’ तिच्याच वंशातल्या. फलटणच्या निंबाळकरांच्या घरातून आलेल्या, शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई १६५९ मध्ये राजगडावर निवर्तल्या. म्हणजे हे नाव आजच्या हौशी आईबापांनी शोधून काढलेले नाही. म्हणूनच ‘सई’ला अशुद्ध ठरवून ‘सखी’ ठेवा असे सुचवणाऱ्यांशी मी वाद घालते. शतकानुशतकांच्या बोलण्याने गुळगुळीत झालेल्या शब्दाला पुन्हा कोपरे काढण्याची गरज काय?

खरा घोळ रोमन लिपीने केला आहे. तिथे सई आणि साई यांचे स्पेलिंग बहुधा एकच होते. गोस्वामीचा जसा गोसावी झाला, तसा ‘साईं’ हा शब्द स्वामीपासून आल्याचे मानतात. म्हणजे तीन अक्षरांच्या त्या स्पेलिंगमुळे मैत्रिणीचा थेट मालक होतो. एका आंतरशालेय स्पर्धेच्या बक्षीस समारंभात निवेदकाने “कुमार साई” असे दोनदा पुकारले, तेव्हा आमची सई खुर्चीवरून हलली नाही. तिसऱ्यांदा आडनाव ऐकल्यावर उठली आणि चषक घेण्याआधी त्याच्या हातातल्या कागदावर पेनने नाव दुरुस्त करून आली. तिचे वागणे उद्धटपणाचे होते असे घरातल्या काहींचे मत पडले. माझे तसे नाही.

गेल्या महिन्यात तिने बँकेत खाते उघडले. अर्जावर जिथे ‘सही’ असे छापले होते, तिथे तिने देवनागरीत ‘सई’ लिहिले. ही दुसरी ‘सही’ अरबी ‘सहीह’पासून फारसीच्या वाटेने आलेली, तिचा मैत्रिणीशी काही संबंध नाही, हे मी तिला तिथेच सांगू लागले, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, मागे रांग आहे.”