ड जीवनसत्त्व कमी, म्हणून आयुष्य कमी?

रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्वाच्या आकड्यापुढे ‘कमी’ असे छापून आले की माणूस किती धास्तावतो, हे मी जवळून पाहिले आहे. त्यातच हे जीवनसत्त्व कमी असलेली माणसे लवकर जातात, असे कुठेतरी वाचलेले असते. हे विधान खोटे नाही. पण आकडा वाढवला की आयुष्यही वाढेल, हा त्यातून काढला जाणारा अर्थ मला चुकीचा वाटतो.

सर्वसामान्य लोकांचे रक्त एकदा तपासायचे आणि पुढे वर्षानुवर्षे कोण जगले, कोण गेले याची नोंद ठेवायची, अशा पाहण्यांत हा संबंध ड जीवनसत्त्वाबाबतच नव्हे, तर इतर जीवनसत्त्वांबाबतही वारंवार दिसला आहे. इंग्लंडमधील नॉरफकच्या १९,४९६ स्त्री-पुरुषांच्या पाहणीत (२००१) रक्तात क जीवनसत्त्व सर्वाधिक असलेल्या गटाचा मृत्यूचा धोका सर्वांत कमी पातळीच्या गटाच्या जवळपास निम्मा आढळला. एवढा फरक पाहून कोणाचाही हात गोळ्यांकडे जाईल. मात्र त्याच देशात हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या २०,५३६ जणांना क, ई आणि बीटा कॅरोटीन (शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होणारा, गाजरासारख्या भाज्यांतील घटक) यांच्या गोळ्या, किंवा त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या, पाच वर्षे देऊन पाहिल्या, तेव्हा रक्तातील पातळी चांगलीच वाढली, पण मृत्यूंचे प्रमाण घटले नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रक्तात क जीवनसत्त्व भरपूर असलेला माणूस बहुधा फळे-भाज्या खाणारा असतो आणि धूम्रपान न करणारा असतो. धूम्रपानाने ही पातळी खालावतेच. ड जीवनसत्त्व उन्हात त्वचेत तयार होते, त्यामुळे आजारपणाने घरात अडकलेल्याची पातळी घसरते. लठ्ठपणात ते चरबीत साठून राहते. शरीरात दाह असला तरीही आकडा खाली येतो. म्हणजे पुष्कळदा आजार आधी येतो आणि आकडा त्याच्यामागून.

मला सर्वांत बोलका वाटतो तो फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरचा प्रयोग (१९९४). ज्यांच्या रक्तात सुरुवातीलाच बीटा कॅरोटीन जास्त होते, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. ज्यांना त्याच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात मात्र तो १८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू ८ टक्क्यांनी जास्त आढळले. पदार्थ तोच आणि माणसेही त्याच प्रयोगातली, तरी निष्कर्ष उलटे.

ड जीवनसत्त्वाचीही अशीच कसोटी झाली आहे. अमेरिकेत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट सुमारे पाच वर्षे दिली, तर ऑस्ट्रेलियात साठीपुढील २१,३१५ जणांपैकी निम्म्यांना महिन्याला ६०,००० युनिट. दोन्हीकडे एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. या प्रयोगांतील बहुतेकांची पातळी मुळात फारशी कमी नव्हती, हा आक्षेप रास्त आहे आणि मला तो मान्यही आहे. खरी कमतरता असेल तर उपचार झालाच पाहिजे. ड अभावी हाडे मऊ पडतात, ब१२ अभावी रक्तक्षय होतो आणि मज्जातंतूंना इजा होते, जी उशीर झाल्यास कायमची राहू शकते. पण हा उपचार हाडांसाठी आणि मज्जातंतूंसाठी आहे, पुरेशी पातळी असलेल्याला दीर्घायुष्य देण्यासाठी नाही.

ब१२चे उदाहरण तर नेमके उलट दिशेचे आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगनच्या ५,५७१ जणांच्या पाहणीत (२०२०) रक्तात ब१२ जास्त असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. यावरून ब१२ माणसाला मारते असे मानायचे कारण नाही. यकृताला इजा झाली की तेथे साठलेले ब१२ रक्तात उतरते, आणि काही रक्तकर्करोगांतही पातळी चढते. म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने न घेताही ज्याचा ब१२चा आकडा फार वर गेलेला दिसेल, त्याने ‘भरपूर आहे’ म्हणून समाधान न मानता तो रिपोर्ट डॉक्टरांना अवश्य दाखवावा.