‘शुगर-बीपी लिहू नका’: व्हिसासाठीच्या विम्यावर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये गेले काही दिवस एक लांबलचक संदेश फिरतो आहे. परदेशात मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी आणि शिकायला जाणाऱ्या मुलांनी व्हिसासाठी विमा कसा घ्यावा, याच्या सात ‘युक्त्या’ त्यात आहेत, आणि ‘एजंट हे कधीच सांगणार नाही’ अशी ग्वाही वर दिलेली आहे. युक्त्या थोडक्यात अशा: तीस हजार युरोची सर्वांत स्वस्त पॉलिसी कुठल्याही देशाच्या व्हिसाला चालते, ती भारतीय कंपनीचीच घ्यावी, फॉर्ममध्ये शुगर-बीपी लिहू नये, व्हिसा लागला की पॉलिसी रद्द करून पैसे परत घ्यावेत, घरची मेडिक्लेम किंवा क्रेडिट कार्डावरचा विमा दाखवला तरी भागते, जर्मनीला जाणाऱ्या मुलांनी पूर्ण कोर्सची पॉलिसी इथूनच घ्यावी, आणि तिथे दवाखान्याचे बिल झालेच तर न भरता परत यावे, वसुलीला इथे कोणी येत नाही.

असे संदेश मी एरवी वाचतही नाही. पण दांडिया बाजारात राहणारी माझी मावशी मुलाकडे कॅनडाला निघाली आहे, तिला कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे, आणि हा संदेश वाचून तिने मला विचारले की फॉर्ममध्ये शुगर लिहायची की नाही. तिच्या भिशीतल्या एका बाईंनी म्हणे लिहिली नाही आणि त्यांचा प्रीमियम बराच कमी आला. त्यामुळे या संदेशाला उत्तर देणे आता भाग आहे, आणि सुरुवात याच मुद्द्यापासून करतो, कारण बाकीच्या युक्त्यांनी फार तर व्हिसा अडेल, या युक्तीने घर विकायची वेळ येऊ शकते.

संदेशाचे म्हणणे असे की प्रवासविमा ऑनलाइन पाच मिनिटांत मिळतो, कोणी तपासत नाही, मग आपणहून आजार सांगून प्रीमियम कशाला वाढवायचा? पॉलिसी देताना बहुतेक वेळा कोणी तपासत नाही, हे खरेच आहे. पण तपासणी होत नाही असा त्याचा अर्थ नसून ती क्लेमच्या वेळी होते असा आहे. रुग्ण तिथल्या इमर्जन्सी विभागात पोहोचला की पहिले प्रश्न असतात ते कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कधीपासून. जीव वाचवायचा असेल तर त्यांची खरी उत्तरे द्यावीच लागतात, आणि मावशीसारखी व्यक्ती ती देणारच. ती उत्तरे केसपेपरवर नोंदली जातात, केसपेपर विमा कंपनीकडे जातो, कंपनी इथल्या फॅमिली डॉक्टरांची जुनी कागदपत्रे मागवते, आणि मग विमा घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मवरच्या ‘नाही’ या खुणेशी ती ताडून पाहिली जातात. म्हणजे आजार लपवणारा माणूस प्रीमियम वाचवत नाही. क्लेम नाकारण्याचे कारण तो स्वतःच्या सहीनिशी कंपनीच्या हाती देऊन ठेवतो.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मधुमेही माणसाने तो जाणून घ्यायला हवा. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया अ‍ॅशुरन्स हे ते प्रकरण, निकाल डिसेंबर २०२१चा. नंदा यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासासाठी ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर त्यांना त्रास सुरू झाला, रुग्णालयात अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले, आणि पूर्वीचे आजार पुरेसे उघड केले नाहीत या कारणावरून कंपनीने क्लेम नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही त्यांची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीला पैसे द्यायला लावले, आणि त्यामागचे कारण आपल्या कामाचे आहे. नंदा यांनी आपल्याला मधुमेह असल्याचे फॉर्ममध्ये सांगितलेले होते. न्यायालयाचे म्हणणे असे की विमेदाराने उघड केलेल्या प्रकृतीचा विचार करून कंपनीने एकदा पॉलिसी दिली की त्याच आजाराचे कारण पुढे करून तिला नंतर क्लेम नाकारता येत नाही. म्हणजे लिहिलेली शुगर त्यांच्या उपयोगी पडली. ती लिहिलीच नसती तर हा युक्तिवाद करायला त्यांच्याकडे जागा उरली नसती, कारण विमा घेणाऱ्याने महत्त्वाची माहिती सांगितलीच पाहिजे, हे तत्त्व त्याच निकालात न्यायालयाने पुन्हा मांडले आहे.

‘शेवटी न्यायालयाने दिलेच ना पैसे’ असे म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात: आजारपण २००९चे, निकाल २०२१चा. मधुमेह सांगितलेल्या माणसाला बारा वर्षे लागली. न सांगितलेल्याने कशाच्या भरवशावर लढायचे?

मात्र ‘लिहा’ एवढे सांगूनही भागत नाही, कारण लिहिलेला प्रत्येक आजार पॉलिसीत आपोआप समाविष्ट होत नाही. आपल्याकडच्या अनेक प्रवासविमा पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजारासाठी केवळ जिवावर बेतल्यावरचा उपचार, तोही मर्यादित रकमेपर्यंत मिळतो, आणि काही पॉलिसी साठीनंतरच्या प्रवाशांना खोलीभाडे, आयसीयू, शस्त्रक्रिया यांच्यावर वेगवेगळ्या कमाल मर्यादा घालतात. कॅनडाच्या पॉलिसींमध्ये आजार ‘स्थिर’ असण्याची अट असते: पॉलिसी सुरू होण्याआधी ठरावीक दिवस, बहुधा ९० किंवा १८०, त्या आजारात नवे लक्षण नको, नवे औषध नको आणि डोसमध्ये बदल नको. डोस कमी केला तरी अनेक पॉलिसींत तो बदलच धरला जातो. मावशीला मी सांगितले की जाण्यापूर्वी ‘एकदा सगळे दाखवून घेऊ’ म्हणून डॉक्टरांकडे जरूर जावे, पण अगदी विमानाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर काही महिने आधी, म्हणजे गोळ्या बदलल्याच तर तेवढे दिवस भरून निघतील. सात युक्त्यांच्या त्या संदेशात ही गोष्ट कुठेच नाही, आणि खरोखर उपयोगी पडली असती ती हीच.

पॉलिसी रद्द करण्याच्या युक्तीत एक अर्धसत्य दडलेले आहे आणि तेवढे मान्य करायला हवे. व्हिसा नाकारला गेला तर प्रीमियम परत देण्याची तरतूद बऱ्याच पॉलिसींमध्ये असते, आणि नकाराचे पत्र दाखवून तो मागण्यात गैर काहीच नाही. संदेशाने ‘नाकारला’च्या जागी ‘लागला’ बसवले आणि एका रास्त सोयीची फसवणूक करून टाकली. मावशी ज्यावर जाणार आहे त्या कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी, म्हणजे तिथल्या मुलांकडे दीर्घकाळ राहायला जाणाऱ्या आईवडिलांच्या व्हिसासाठी, प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्षाचा आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा विमा लागतो. नुसते कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा किंवा अनामत देऊन हप्ते सुरू केल्याचा पुरावा लागतो. तो विमा प्रत्येक प्रवेशाच्या वेळी चालू असावा लागतो आणि विमानतळावरचा अधिकारी तो पाहायला मागू शकतो. पासपोर्टवर शिक्का बसला म्हणजे दार उघडले, ही समजूत युरोपच्या बाबतीतही चुकीची आहे. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, व्हिसा संहितेतच लिहिले आहे की व्हिसा हाती असल्याने प्रवेशाचा हक्क आपोआप मिळत नाही. आणि ज्या अटींवर व्हिसा दिला त्या मुळातच पूर्ण नव्हत्या किंवा पुढे उरल्या नाहीत असे दिसले तर तो रद्द करण्याची तरतूद त्याच संहितेच्या ३४व्या कलमात आहे. काही हजार रुपये परत मिळवण्यासाठी एवढी जोखीम घेण्याचा सल्ला देणाऱ्याने स्वतः ती घेतली असेल, असे मला वाटत नाही.

तीस हजार युरोचा आकडा संदेशाने हवेतून आणलेला नाही. शेंगेन देशांच्या २००९च्या व्हिसा संहितेतील १५व्या कलमात तो आहे: सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांत लागू असलेला, तातडीचे उपचार, रुग्णालयातील खर्च आणि आजारपणामुळे किंवा मृत्यूमुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च भागवणारा किमान ३०,००० युरोचा विमा. तेवढ्या रकमेची साधी पॉलिसी घेतली म्हणून व्हिसा अडत नाही आणि महागडी घेतली म्हणून लवकर मिळत नाही, हेही खरे. परंतु हा नियम ९० दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचा आहे, ‘कुठल्याही देशाचा’ नाही. कॅनडाचे १ लाख डॉलर याच्या दुपटीहून अधिक होतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही, पण संशोधन किंवा विनिमय कार्यक्रमासाठी जे-१ व्हिसावर जाणाऱ्यांना प्रत्येक आजारामागे किमान १ लाख डॉलरचे संरक्षण लागते आणि स्वतःच्या खिशातून भरायची वजावट ५०० डॉलरच्या वर चालत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहायला जाणाऱ्यांना विम्याऐवजी आरोग्य अधिभार भरावा लागतो, जो फेब्रुवारी २०२४पासून वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड आहे. भारतीय कंपनीच घ्यावी, हा आग्रहही इथेच गळून पडतो. शेंगेनसाठी ती ठीक आहे. सुपर व्हिसासाठी मात्र कॅनडातील कंपनी लागते, किंवा तिथल्या सरकारने मान्य केलेली परदेशी कंपनी, आणि आपल्या एजंटाच्या कपाटातली कुठलीही पॉलिसी त्यात बसत नाही.

मेडिक्लेमच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. आपली नेहमीची मेडिक्लेम भारतातल्या उपचारांसाठी असते. परदेशातले उपचार हवे असतील तर तसे कलम पॉलिसीत स्पष्ट असावे लागते. क्रेडिट कार्डावरचा विमा बहुतेक वेळा अपघाती मृत्यू आणि हरवलेले सामान यांच्यापुरता असतो. व्हिसा संहितेत व्यवसायामुळे आधीच पुरेसे विमासंरक्षण असलेल्यांना, उदाहरणार्थ खलाशांना, एक सूट आहे खरी. कारेलीबागेतले निवृत्त बँक अधिकारी त्यात मोडत नाहीत.

जर्मनीला जाणाऱ्या मुलांविषयीचा सल्ला मात्र वरवर शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच घातक आहे. तिथे पोहोचून विद्यापीठात नाव नोंदवेपर्यंतच्या दिवसांसाठी इथून पॉलिसी न्यावी लागते, एवढा भाग बरोबर. पुढे तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात विद्यार्थ्यांच्या दराने प्रवेश मिळतो, आणि त्याचा विमा आहे किंवा त्याला सूट आहे, हे त्या विमा संस्थेकडून विद्यापीठाला कळल्याशिवाय नावनोंदणी होत नाही. स्वस्त खासगी पॉलिसीसाठी सार्वजनिक विम्यातून सूट घ्यायची तर सुरुवातीच्या तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि ती सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. दुसऱ्या वर्षी मोठे दुखणे निघाले तरी त्या अभ्यासक्रमापुरते सार्वजनिक विम्यात परतता येत नाही. महिन्याला वाचणारे थोडे युरो पाहून हा निर्णय बडोद्यात बसून आईवडिलांनी करू नये. फक्त भाषेचा कोर्स किंवा विद्यापीठपूर्व वर्ग करणाऱ्यांना मात्र विद्यार्थ्यांचा तो दर मिळत नाही, त्यांना खासगी पॉलिसीच पाहावी लागते.

उरली ती बिल न भरता निघून येण्याची सूचना. मुलगा तिथे राहतो, रुग्णालयाच्या कागदावर पत्ता त्याचा आणि अनेकदा सहीही त्याचीच असते, त्यामुळे ‘वसुलीला इथे कोणी येत नाही’ याचा अर्थ ते त्याच्या दारात जातात, एवढाच होतो. शिवाय ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवेचे ५०० पौंड किंवा त्याहून अधिक बिल दोन महिन्यांहून जास्त काळ थकले तर पुढचा व्हिसा त्या कारणाने नाकारता येतो, असा तिथल्या स्थलांतर नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. नातवंडाच्या बारशाला जाऊन आलेल्या आजी-आजोबांना मग त्याच्या मुंजीला जाता येणार नाही, हे त्या संदेशात लिहायचे राहून गेले असावे.