गरम पाण्यात ‘जागे’ केलेले सूत्रकृमी

काल रात्री मामांचा फोन. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीवर त्यांनी निमॅटोड, म्हणजे कीड मारणाऱ्या बारीक सूत्रकृमींचं पाकीट आणलंय. “अरे, ते हुमणीसाठी आणलेले निमॅटोड गरम पाण्यात कालवायचे ना?” कोणी सांगितलं विचारलं, तर ग्रुपवरचा मेसेज. हाच मेसेज मलाही आठवड्याभरात तीनदा आलाय. त्याचं म्हणणं असं: निमॅटोड उन्हाळी जीव, जितकं ऊन तितकं काम, म्हणून भर दुपारी सोडा. आधी गरम पाण्यात जागे करा. त्यात मेले तरी बिघडत नाही, कीड मारतो तो आतला बॅक्टेरिया. उरलेलं पाकीट फ्रीजरमध्ये टाका, वर्षानुवर्षं टिकतं. आणि एकदा सोडले की जन्माची काळजी मिटली.

आधी ते ‘मेले तरी बिघडत नाही’ घेतो, कारण डोकं त्यानेच फिरलं. कीड मारणाऱ्या सूत्रकृमींची दोन मुख्य कुळं. त्यातल्या स्टायनर्नेमाच्या आतड्यात झेनोरॅब्डस आणि हेटेरोरॅब्डायटिसच्या आतड्यात फोटोरॅब्डस हे जिवाणू राहतात. अळी साधारण २४ ते ४८ तासांत मरते ती मुख्यतः त्यांच्यामुळे, हे कबूल. पण ते अळीच्या रक्तात पोचणार कसे? तोंडातून, गुदद्वारातून, श्वासरंध्रातून वाट काढत आत शिरतो तो सूत्रकृमी. आत गेल्यावरच तो जिवाणू सोडतो. मग जिवाणू वाढतात, मेलेली अळी इतर जंतूंनी सडू नये म्हणून प्रतिजैविकं तयार करतात, आणि सूत्रकृमी त्याच जिवाणूंवर पोसून पिल्लं काढतो. फोटोरॅब्डसने मेलेली अळी विटकरी लाल पडते, मिट्ट अंधारात मंद चमकतेसुद्धा. सूत्रकृमीच गरम पाण्यात उकडला तर यातलं काहीही होत नाही. तुम्ही जमिनीला नुसतं पाणी पाजलं.

आता ‘जितकं ऊन तितकं काम’. एका मर्यादेपर्यंत ऊब वाढली की अळ्या लवकर मरतात, एवढं मेसेजवाल्याला देऊन टाकतो. पण ती मर्यादा प्रत्येक जातीची वेगळी. ग्रेवाल, सेल्वन आणि गॉगलर या संशोधकांनी १९९४ मध्ये मेणकिड्याच्या अळ्यांवर हेच तपासलं. स्टायनर्नेमाची फेल्टी ही जात ८ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये संसर्ग करते, रिओब्रेव्ह ही जात १० ते ३९ मध्ये. म्हणजे एकाला झेपतं ते दुसऱ्याला झेपत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अळी मारणं आणि तिच्यात पिल्लं काढणं यांचे पट्टे एक नाहीत. त्याच स्टायनर्नेमाच्या कार्पोकॅप्सी जातीची वीण फक्त २० ते ३० अंशांत झाली. अळी मेलेली दिसते, आपण खूश, आणि पुढची पिढी शून्य. ‘जन्माची काळजी मिटली’चा निकाल इथेच लागला.

शिवाय पाकिटात असते ती सूत्रकृमीची पिल्लावस्था, आणि ती काही खात नाही. अंगातल्या चरबीवर जगते, आणि गरमीत ती चरबी भराभर जळते. भर दुपारचं काय सांगायचं! उन्हातले अतिनील किरण आणि कोरडी माती, दोन्ही मारक. संध्याकाळी, ओल्या मातीत सोडायचे, वरून पुन्हा पाणी द्यायचं.

फ्रीजर? प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात, खरंय. पण आधी ग्लिसरॉलची प्रक्रिया करून. घरच्या फ्रीजरमध्ये पाकीट नुसतं गोठून मरतं. साध्या फ्रीजमध्येही हेटेरोरॅब्डायटिस इंडिकासारख्या उष्ण प्रदेशातल्या जाती लवकर खचतात. पाकिटावर तापमान छापलेलं असतं, ते पाळा.

मामांना म्हटलं, गरम पाणी राहू द्या. साध्या पाण्यात चिमूटभर कालवा, थेंब काळ्या बशीत घ्या, भिंग धरा. अर्ध्या मिलिमीटरचे धागे दिसतील. जिवंत असले तर वळवळतात, नाहीतर निदान वाकडे पडलेले असतात आणि हलवलं की हलतात. मेलेले सुईसारखे सरळ.

दहा मिनिटांनी फोन आला. पाकीट परवापासून फ्रीजरमध्येच होतं. “सगळ्या सुया आहेत रे.”