गरिबाचं फुकट नेट आम्ही बंद पाडलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नेट न्यूट्रॅलिटीवरच्या, म्हणजे नेटवरच्या सगळ्या साइटना सारखंच वागवायचं या तत्त्वावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की वायफायवर बसलेल्या शहरी लोकांनी दूरसंचार नियामक ट्रायला जाणाऱ्या आयत्या मेलवर बटण दाबलं आणि फुकट नेटचा घास गरिबाच्या तोंडून काढला. नेट पुढे स्वस्त झालं ते जिओमुळे, आमच्या मोहिमेमुळे नव्हे, असंही तुम्ही म्हणता. तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून दोन ओळींत तुमची बोळवण करणार नाही.

जिओचं म्हणणं मान्य. भाव पडले ते स्पर्धेमुळे. पण जरा तारखा बघा. ट्रायचा नियम आला 8 फेब्रुवारी 2016 ला आणि जिओ सुरू झालं त्याच वर्षी 5 सप्टेंबरला. पुढे कितीतरी महिने त्यांनी डेटा फुकट वाटला आणि नियम कुठेही आड आला नाही. कारण फुकट देऊ नका, असं नियमात नव्हतंच. कुठली साइट उघडली यावरून दर वेगळा लावायचा नाही, एवढंच त्यात होतं. जो मोडेल त्याला दिवसाला 50 हजार रुपये दंड.

आता फ्री बेसिक्स, म्हणजे ठरावीक साइट फुकट दाखवणारी फेसबुकची योजना, जी या नियमामुळे बंद झाली. डिसेंबर 2015 मध्ये फेसबुकच्या झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं होतं : तो फोनवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो. ते वाचून मला माझा मामेभाऊ आठवला. निफाड तालुक्यात कांदा करतो. त्या वर्षी पातीवर करपा आला तेव्हा टूजीच्या छोट्या पॅकवर तो एक व्हिडिओ बघत होता. चार सेकंद चालायचा, मग गोल फिरत बसायचा. तरी बांधावर बसून त्याने तो शेवटपर्यंत पाहिला आणि औषधाचं प्रमाण खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. फ्री बेसिक्समध्ये व्हिडिओला परवानगीच नव्हती. इंटरनेटवरून कॉल करायलाही नाही. कुठली साइट आत घ्यायची याच्या अटी फेसबुकच्या. गाडीभाडं मी देतो, पण माल माझ्याच गाळ्यावर उतरवायचा, असं एखादा अडत्या म्हणाला तर तुम्ही त्याला उपकार म्हणाल का?

आयत्या मेलचा आरोपही अर्धा खरा आहे. एप्रिल 2015 मध्ये मीही तयार मसुदाच वापरला, फक्त दोन उत्तरं माझ्या शब्दांत बदलली. पण तो मसुदा कशाचा होता? ट्रायचा 118 पानांचा कागद, त्यात 20 प्रश्न. स्वयंसेवकांनी तो वाचून एकेका प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं, म्हणून 10 लाखांवर मेल गेले. एअरटेल झीरो ही कंपन्यांनी पैसे भरून आपलं अ‍ॅप ग्राहकाला फुकट वापरू देण्याची योजना; त्याच महिन्यात फ्लिपकार्ट तिच्या बोलण्यांतून बाहेर पडलं. उलट, डिसेंबरात फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून जे मेल पाठवून घेतले त्यात फ्री बेसिक्सला पाठिंबा होता. त्या वेळी ट्रायने विचारलं होतं वेगळंच : वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर चालतील का? विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या, असं ट्रायलाच सांगावं लागलं. नुसती मेलची संख्या मोजून निर्णय झाला असता, तर फेसबुकला हरवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र तुमचा बाण बरोबर लागलाय. हे सगळं इंग्रजीत चाललं. ट्रायचा कागद इंग्रजीत, आमचा मसुदा इंग्रजीत, ज्या विनोदी व्हिडिओमुळे हा विषय घरोघर गेला तो शहरी तरुणांच्या भाषेत. ज्याच्या नावाने दोन्ही बाजू भांडत होत्या त्या शेतकऱ्याला कोणी मराठीत विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. मामेभावाला मी हे सगळं समजावलं ते निकाल लागल्यानंतर, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "मग आधी का नाही सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा वाद संपलेला नाही. आमच्या तारांवरून व्हिडिओवाले कमावतात, मग त्यांनी आम्हाला वाटा द्यावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे. 2023 मध्ये ट्रायने या अ‍ॅपवाल्या सेवांवर पुन्हा प्रश्न काढले होते. पुढच्या खेपेला असा कागद आला की त्यातले प्रश्न मी इथे मराठीत टाकीन, उत्तराचा मसुदाही मराठीतच. तो छापण्याआधी तुम्हाला पाठवला तर वाचाल का? जिथे अडाल तिथे खूण करा, तेवढा भाग मी पुन्हा लिहीन.