उजेड कुठून येतोय?

खाणी आणि गुहांमधले साहसपट मी आवडीनं बघते. चांगले तर बघतेच, टुकार जरा जास्तच आवडीनं. पण मला एक वाईट खोड लागली आहे. पडद्यावरची मंडळी भुयारात शिरली की माझं लक्ष खजिन्याकडे जात नाही, कवट्यांकडेही जात नाही. मी बघत बसते की उजेड कुठून येतोय.

जमिनीखाली दोनशे फूट, ना झरोका ना फट, आणि नायिकेच्या केसांवर मागून मस्त निळसर चांदणं. अरे, कुठला चंद्र उगवलाय तिथं?

खोड लागली ती एका खऱ्या गुहेत. बरंच आत गेल्यावर वाटाड्यानं सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला लावल्या. घरात वीज गेली की दोन मिनिटांत डोळे सरावतात, कोपऱ्यातलं कपाट दिसायला लागतं. इथे सरावायला काही नव्हतंच. मी नाकासमोर हात हलवला, तर तो हलताना दिसतोय असं वाटत राहिलं. दिसत नव्हता. हात माझाच होता, म्हणून मेंदू आपल्या पदरचं चित्र पुरवत होता. शेजारणीनं तिचा हात माझ्या तोंडासमोर फिरवला, तेव्हा ठार काही नाही. कुणीतरी उगाचच हसलं. पाणी ठिबकत होतं. आधीही ठिबकतच असणार, पण ऐकू तेव्हा आलं.

तेव्हापासून असा सिनेमा मी याच एका कसोटीवर घासते. त्यात पैकीच्या पैकी गुण 'द डिसेंट'ला (२००५). सहा मैत्रिणी गुहेत उतरतात, बाहेर पडायची वाट बुजते. यातली गुहा खोटी आहे, स्टुडिओत बांधलेली. पण दिग्दर्शक नील मार्शल यानं पथ्य कडक पाळलं: आत गेल्यावर उजेड या बायकांनी सोबत नेलेल्या वस्तूंचाच. हेल्मेटवरचे दिवे, लाल धूर ओकणाऱ्या फ्लेअर, हिरवट चमकणाऱ्या कांड्या. बाकी पडदा काळा. एकजण अरुंद बिळात अडकते आणि तिचा श्वास वर-वर व्हायला लागतो, तो प्रसंग बघताना मी खुर्चीत अंग चोरून बसले होते. पुढे त्यात राक्षसी प्राणी येतात. खरं सांगू? ते आल्यावर माझी भीती कमी झाली. प्राण्याला निदान मारता येतं, दगडाला काय करणार?

दुसऱ्या टोकाला 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' (१९८४). खाणीतल्या ट्रॉलीचा तो पाठलाग! कुठला खाणमालक असे रूळ टाकेल? खऱ्या खाणीतले रूळ माल ओढायला असतात, उतार बेताचा, वेग रडका. या प्रसंगाचे आवाज चक्क डिस्नेलँडच्या रोलरकोस्टरवर जाऊन टिपले होते, आणि बरीचशी दृश्यं छोट्या प्रतिकृती नि बाहुल्या वापरून घेतली होती. तरी माझं या सिनेमाशी भांडण नाही. तो जत्रेतला पाळणा आहे आणि स्वतःला पाळणाच समजतो.

भांडण आहे ते स्वतःला वास्तववादी म्हणवणाऱ्यांशी, जे पेटती मशाल घेऊन कोळशाच्या खाणीत घुसतात. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते. म्हणून तर १८१५ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं खाणीतल्या दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. त्या दिव्याची गंमत म्हणजे तो नुसता उजेड देत नाही. मिथेन असेल तर ज्योत उंच होते, तिच्यावर निळसर टोपी चढते. प्राणवायू कमी पडला की ती मलूल होते, विझते. म्हणजे ताण वाढवायला कॅमेऱ्यानं फक्त ज्योतीकडे बघत राहायचं! हे आयतं हातात असताना लेखकमंडळी छत कोसळवतात. दर वीस मिनिटांनी.

दिग्दर्शकांची अडचण मला कळते. पूर्ण काळ्या पडद्याचं तिकीट कोण काढणार? थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ साली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, त्यावर रॉन हॉवर्डचा 'थर्टीन लाइव्ह्ज' (२०२२) आहे. खरे पाणबुडे गढूळ पाण्यात दोरी चाचपत पुढे सरकत होते. सिनेमात पाणी तेवढं गढूळ ठेवलं तर आपल्याला ओ की ठो दिसणार नाही. इतकी लबाडी मी माफ करते, कारण दोरीवरचा हात त्यांनी सोडला नाही.

माफ होत नाही ती काळाची लबाडी. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच माणूस घड्याळ न घेता जमिनीखालच्या एका हिमगुहेत दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबानं तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस गायब! सिनेमात मात्र घड्याळ नसलेल्यालाही नेमकं ठाऊक असतं की बाहेर पहाट झाली.

आणि शेवट. धूळ झटकत नायक भोकातून वर येतो, सरळ सूर्याकडे बघतो, संगीत वाजतं. चिलीतल्या सान होसे खाणीत २०१० साली ३३ कामगार ६९ दिवस अडकले होते. त्यांना कॅप्सूलमधून वर काढायला सुरुवात झाली ती मध्यरात्रीनंतर, आणि एवढ्या रात्री वर येणाऱ्या पहिल्या माणसाच्या डोळ्यांवरसुद्धा काळा चष्मा होता.

'मंजुमेल बॉईज' (२०२४) अजून कुणी बघितला नसेल तर बघा. खोल खड्ड्यात पडलेला एक मित्र आणि दोरीवरून त्याच्याकडे उतरणारा दुसरा, वरून येणारा उजेड नाण्याएवढा. फक्त तेवढे खोलीतले दिवे बंद करा. मोबाइलसुद्धा पालथा ठेवा.