थैलीतली दोन वजने : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती श्रद्धा आणि सॉफ्टवेअरचे काम यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : प्रोग्रॅमला धर्म नसतो, प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणत्याही सज्जन अभियंत्याकडून असतेच, तिला बायबलचा टेकू कशाला, आणि श्रद्धेने माणसे सुधारत असती, तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसातला अन्याय एका धर्मगुरूच्या कारकिर्दीत चालू राहिला नसता. तिसरा मुद्दा मला सर्वांत जिव्हारी लागला, म्हणून सुरुवात त्यापासूनच करतो.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून शाखांमध्ये ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली. तिच्यातल्या दोषांमुळे प्रत्यक्षात नसलेली तूट हिशेबात दिसू लागली, आणि शाखा चालवणाऱ्यांनीच पैसे खाल्ले असे धरून पुढच्या दीड दशकात नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घर विकून तूट भरली, कोणी जीव दिला. २०१२ ते २०१९ या काळात मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या पॉला व्हेनेल्स या चर्च ऑफ इंग्लंडच्या दीक्षित धर्मगुरू होत्या. बहुतेक खटले त्यांच्या आधीचे आहेत हे खरे. पण प्रणाली भक्कम आहे असे पोस्ट ऑफिस त्यांच्या काळातही ठासून सांगत राहिले, हेही तितकेच खरे आहे.

त्याचा बचाव मी करणार नाही. ‘त्यांची श्रद्धा खरी नसेल’ असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह आम्हा ख्रिस्ती लोकांना होतो, पण दुसऱ्याचे अंतःकरण तोलण्याचा अधिकार मला नाही. श्रद्धावान अभियंता इतरांपेक्षा अधिक प्रामाणिक असतो असे माझ्या लेखातून ध्वनित झाले असेल, तर ते मी मागे घेतो. उलट बाजूचे उदाहरण द्यायचे तर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ हे लुथरन पंथाचे ख्रिस्ती आहेत, आणि आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचे बक्षीस देत आले आहेत. पण तेवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

मला जे म्हणायचे होते ते बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तिथे थैलीत लहान आणि मोठे अशी दोन वजने बाळगण्याची मनाई केली आहे. लबाड व्यापाऱ्याकडे खरे वजनही असते; घेताना तो एक काढतो आणि देताना दुसरे, हे त्यातले मर्म मला फार उशिरा उमगले. २०१५ साली उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात अक्षरशः हेच घडले. गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे तिच्यातला प्रोग्रॅम ओळखत असे आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा चाचणीपुरतीच पूर्ण क्षमतेने चालवत असे. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये हा प्रोग्रॅम होता, आणि तो कोणीतरी टेबलाशी बसून, पगार घेऊन लिहिलेला होता.

हे मी दुरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत होतो. रोजची छोटी बचत गोळा करणारे पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून हातातल्या यंत्रावर पावत्या फाडत आणि यंत्र त्या नोंदी मोबाइल नेटवर्कवरून संस्थेकडे पाठवत असे. एका एजंटाच्या हिशेबात वारंवार तूट येत होती व ती त्यांच्या कमिशनमधून कापली जात होती. त्यांची तक्रार दोनदा माझ्याकडे आली आणि दोन्ही वेळा मी लॉग, म्हणजे प्रणालीने आपोआप ठेवलेल्या नोंदी, न उघडता ‘यूजर एरर’ (वापरणाऱ्याची चूक) असा शेरा मारून ती बंद केली. तिसऱ्या वेळी ते स्वतः आले. रबरबँड लावलेली एक वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. रोजची प्रत्येक पावती त्यांनी निळ्या शाईने हाताने उतरवून ठेवली होती. तिच्याशी ताडून पाहताना सर्व्हरच्या यादीत एकच पावती क्रमांक दोन ओळींत दिसला, मध्ये बेचाळीस सेकंदांचे अंतर. मंडईत नेटवर्क तुटले की पोचपावती यंत्रापर्यंत परत येत नसे, यंत्र तीच नोंद पुन्हा पाठवी, आणि आमचा प्रोग्रॅम ती नवी समजून जमा करी. खातेदाराला दुप्पट रक्कम मिळे आणि एजंट चोर ठरे.

ते मात्र आवाज चढवून एक शब्द बोलले नाहीत. “साहेब, मी लिहून ठेवतो, कारण यंत्रापुढे माझं कोण ऐकणार?” एवढेच म्हणाले.

प्रोग्रॅमला धर्म नसतो हे मला मान्य आहे. पण वाद झाला तर कोणावर विश्वास ठेवायचा, याचा निकाल प्रोग्रॅम लिहिणाराच बऱ्याच अंशी आधी देऊन टाकतो. संगणक बरोबर चालत होता असे गृहीत धरण्याची इंग्लंडमधल्या न्यायालयांची रीत होती, आणि मारलेल्या त्या दोन शेऱ्यांत मीही तेच गृहीत धरले होते. संस्थेने एजंटाला लावलेली तूट म्हणजे एक वजन. तीच नोंद आमच्यावर उलटली, तेव्हा ‘नव्या आवृत्तीत सिंकची अडचण दूर केली आहे’ एवढेच कळवण्याचा कंपनीचा बेत म्हणजे दुसरे. चूक आमची होती, ती कोणत्या तारखांना झाली आणि कोणाचे किती पैसे कापले गेले, असे स्पष्ट पत्र पाठवावे असा आग्रह मी धरला. मालकांना त्यावर सही करायला आठ दिवस लागले, पण त्यांनी ती केली.

राहिला आपला दुसरा मुद्दा. हा आग्रह बायबलशिवाय धरता आला नसता का? नक्कीच आला असता. तुकोबांनीही उत्तम व्यवहारानेच धन जोडायला सांगितले आहे, आणि माझे कितीतरी निरीश्वरवादी सहकारी माझ्याआधी लॉग उघडतात. मी फक्त माझ्यापुरते सांगतो. त्या आठ दिवसांत नोकरी जाईल या भीतीने मला गप्प बसावेसे वाटत होते, आणि ज्या रविवारी मंडळीत पापकबुलीची प्रार्थना आली त्या रविवारी ती माझ्या तोंडून निघेना, कारण तिच्यातला ‘आम्ही’ म्हणजे त्या शेऱ्याखाली सही असलेला मी होतो. माझी श्रद्धा मला निर्दोष ठरवायला आली नाही. तिने मला माझ्याच शेऱ्यासमोर नेऊन उभे केले. व्हेनेल्सबाईंकडे बोट दाखवताना मला धीर होत नाही तो याचमुळे.

आपण शेवटी विचारले आहे की सोमवारी कामावर मी नेमके वेगळे काय करतो. नवे घर बांधताना धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष घराला लागणार नाही, अशी आज्ञा त्याच अनुवादात बाविसाव्या अध्यायात आहे. आमच्या कामात कठडा म्हणजे तोच पावती क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारणारी तपासणी. ती मी आता पहिल्या दिवशी लिहितो, ग्राहकाने मागितली नसली तरी. माझ्या गटात ‘यूजर एरर’ हा शेरा लॉगमधली ओळ जोडल्याशिवाय मारता येत नाही. आणि पैशांच्या तुटीची तक्रार असेल, तर ती बंद करण्याआधी तक्रार करणाऱ्याला फोन करून त्याच्याकडे लिहून ठेवलेले काही आहे का, हे मी स्वतः विचारतो.